आईच्या नंबरवरचे शंभर रुपये कुठे गेले?

प्रश्न कोथरूडच्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: आईचं वय ६९. घरी वायफाय आहे. तिच्या मोबाइलला २८ दिवसांचा छोटा प्लॅन, त्यात सगळ्या दिवसांसाठी मिळून २ जीबी डेटा. ‘असू दे गाठीला’ म्हणून मुलाने वर १०० रुपयांचा टॉपअप मारला. आठवड्याच्या आत बॅलन्स शून्य. आई बाहेरगावी गेली नव्हती, फोनही फारसे केले नाहीत. कस्टमर केअर एवढंच म्हणतं, ‘डेटा वापरला गेलाय.’ तर पैसे कंपनीने खाल्ले का, परत मिळतील का, आणि आईला साधा बटणांचा फोन देऊन ही कटकटच संपवावी का?

माझं काम प्रीपेड नंबरांच्या चार्जिंग सॉफ्टवेअरचं, म्हणजे तुमच्या खात्यातून कधी आणि किती पैसे वजा करायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेचं. त्यामुळे सोसायटीत, लग्नात, दशक्रियेलासुद्धा मला हाच प्रश्न विचारला जातो. माझा अंदाज आधी सांगतो आणि मग त्यामागचं गणित. पैसे बहुधा नियमानुसारच कापले गेलेत. नियम मात्र असा आहे की तो माहीत नसलेल्या माणसाला ती लूटच वाटावी.

सुरुवात शंभर रुपयांपासूनच करू, कारण आईच्या खात्यात शंभर रुपये कधी पडलेच नाहीत. टॉपअपच्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. १०० ला १.१८ ने भागलं की ८४ रुपये ७५ पैसे उरतात. त्यातून प्रोसेसिंग फी जाते. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमाप्रमाणे ही फी रकमेच्या दहा टक्के किंवा ३ रुपये, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर घेता येत नाही. म्हणजे इथे ३ रुपये. उरले ८१ रुपये ७५ पैसे. दहा रुपयांच्या टॉपअपला ७ रुपये ४७ पैसेच का मिळतात याचंही उत्तर याच हिशेबात आहे: ८.४७ वजा दहा टक्के फी, म्हणजे १ रुपया. हे सगळं रिचार्ज करतानाच स्क्रीनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचत कोणी नाही.

आता हे पावणेब्याऐंशी रुपये. प्रीपेड खात्याचे आतून बरेच कप्पे असतात. एक कप्पा पैशांचा, त्याला मेन बॅलन्स म्हणतात. दुसरा प्लॅनबरोबर आलेल्या डेटाचा, तिसरा एसएमएसचा, आणि वेगळं डेटा व्हाउचर मारलं असेल तर त्याचा आणखी एक. फोनने इंटरनेट मागितलं की आमची यंत्रणा आधी डेटाचे कप्पे चाचपते. एकापेक्षा जास्त असतील तर सहसा ज्याची मुदत आधी संपतेय तो आधी रिकामा होतो. डेटाचे सगळे कप्पे रिकामे झाले की पुढे काय, हा खरा कळीचा मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर प्लॅनगणिक बदलतं. रोज दीड जीबी, दोन जीबी अशा प्लॅनमध्ये त्या दिवसाचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि मध्यरात्री बारानंतर पूर्ववत होतो. जादा पैसे कापले जात नाहीत. पण आईच्या प्लॅनसारखे, पूर्ण मुदतीला मिळून एकगठ्ठा डेटा देणारे जे प्लॅन असतात, त्यांतल्या काहींच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं: ‘कोटा संपल्यावर एमबीमागे ५० पैसे.’ आणि हे पन्नास पैसे मेन बॅलन्समधून जातात.

मेन बॅलन्स शून्य असता तर नेट तिथेच थांबलं असतं आणि आईला फार तर एक मेसेज आला असता. तुम्ही काळजीपोटी टॉपअप मारलात म्हणून कापायला पैसे मिळाले. ८१ रुपये ७५ पैशांना पन्नास पैसे एमबीच्या भावाने येतो १६३ एमबी डेटा. १६३ एमबी आज किती पुरतो? यूट्यूबवर कीर्तन ४८० पिक्सेलला लावलं तर तासाला ढोबळमानाने तीनशे-चारशे एमबी जातात. म्हणजे अर्धा तास. निरूपण संपून आख्यान सुरू व्हायच्या आत पैसे खलास.

तुम्ही म्हणाल, पण आई तर घरी वायफायवर होती. इथेच मी एक उलटा प्रश्न विचारतो: बॅलन्स गेला तो वार कोणता? शंभरातल्या निम्म्या वेळी उत्तर येतं, गुरुवार. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात हे नव्याने आलेल्यांनाही महिन्याभरात कळतं. लाइट जाते, राउटर बंद पडतो, आणि मोबाइल कसलीही कुरकुर न करता सिमच्या डेटावर जातो. कीर्तन चालूच राहतं. फोन विचारत नाही की आता पैसे लागतील, चालेल का? वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह जाऊन तिथे ‘४जी’ आलं, एवढाच काय तो फरक, आणि तो ६९ वर्षांच्या बाईने चष्मा लावून शोधत बसावा अशी अपेक्षा करणं काही बरोबर नाही.

लाइट न जाताही हे होतं. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये वायफाय कमजोर वाटलं की मोबाइल डेटा वापरायचं सेटिंग असतं आणि काही फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं. आयफोनमध्ये त्याला वायफाय असिस्ट म्हणतात. सॅमसंग, शाओमी वगैरेंची नावं वेगवेगळी, काम तेच. राउटर हॉलमध्ये आणि आईची खोली दोन भिंतींपलीकडे असेल, तर हे दिवसातून कितीतरी वेळा घडत असणार. दोन सिमवाल्यांसाठी यात आणखी एक भानगड आहे: एका सिमवरचं नेट मंद झालं की आपणहून दुसऱ्या सिमवर उडी मारण्याचं सेटिंग. ‘दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी आहे हो, त्यावर नेट वापरतच नाही’ असं सांगणाऱ्या माणसाचा त्याच सिमवरचा बॅलन्स गेलेला मी पाहिलाय, आणि कारण दरवेळी हेच निघालं.

डेटा मोजला कसा जातो हेही थोडं सांगतो, कारण त्यावरून गैरसमज फार आहेत. मोजणी मोबाइलमध्ये होत नाही, टॉवरवरही होत नाही. तुमच्या फोनचा डेटा इंटरनेटकडे जाताना कंपनीच्या ज्या दरवाज्यातून जातो, तिथे होते. येणारा आणि जाणारा, दोन्ही बाजूंचा मोजतात. तुम्ही नातवाचा व्हिडिओ पाठवलात तरी मोजणार, आणि मामेबहिणीने पाठवलेला आपोआप उतरला तरी मोजणार. या दरवाज्याला दर वेळी चार्जिंग यंत्रणेची परवानगी लागते. यंत्रणा एकदम सगळं मोकळं सोडत नाही. खात्यातून थोडी रक्कम किंवा थोडा डेटा राखून ठेवते आणि म्हणते, एवढं वापर, संपलं की परत ये. म्हणून नेट चालू असताना बॅलन्स तपासला तर एक आकडा दिसतो आणि बंद करून पाच मिनिटांनी तपासला तर कधी दुसराच. राखून ठेवलेली आणि न वापरलेली रक्कम परत आलेली असते. भुतंखेतं काही नाहीत.

मोजणीचं सगळ्यात लहान माप असतं, त्याला पल्स म्हणतात. सुट्या डेटासाठी १० केबीचा पल्स पूर्वीपासून रूढ आहे. ११ केबी वापरलं तर दोन पल्स लागतात. रिक्षात बसून पन्नास पावलांवर उतरलात तरी पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं द्यावं लागतं, तसंच. एकेकाळी याला फार महत्त्व होतं. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं, त्याआधी सुटा डेटा १० केबीला काही पैसे या भावाने विकला जायचा. १० केबीला ४ पैसे धरले तर एका जीबीचे होतात सुमारे ४,१९४ रुपये. हे वाचून आजच्या कॉलेजच्या पोराला हसू येईल. पण फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहून नेट ‘चालू कर, मेल बघ, बंद कर’ करणारी आमची पिढी त्या भावाचीच. आज पल्सने पडणारा फरक नगण्य आहे. घोळ दुसरीकडे आहे.

विरळ नेटवर्कमध्ये, म्हणजे ताम्हिणीत, मुळशीच्या पलीकडे किंवा सिंहगडाच्या एखाद्या वळणावर, ‘नेट चाललं नाही तरी पैसे गेले’ ही तक्रार मात्र अगदीच खोटी नसते. फोन आणि टॉवर यांच्यात हवेत हरवलेलं टॉवरनेच पुन्हा पाठवलं तर ते ग्राहकाच्या माथी लागत नाही, कारण मोजणीचा दरवाजा त्याच्याही मागे आहे. पण अर्धा उतरून अडकलेला व्हिडिओ तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लावलात, तर पहिला अर्धा आणि नंतरचा पूर्ण, दोन्ही मोजले जातात. यूट्यूब पुढचा भाग आधीच भरून ठेवतं. तो न बघता तुम्ही दुसरं काही लावलंत तरी भरलेला भाग मोजलाच.

आता भावाकडे वळू, कारण मला खरं सांगायचंय ते इथे. आपण अजून डोक्यात ‘जीबीला किती’ असा हिशेब करतो. प्रीपेडमध्ये तो हिशेब आता निकामी आहे. तुम्ही डेटाचे पैसे देतच नाही, दिवसांचे देता. आकडेच बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. दिवसाला १० रुपये ६८ पैसे. त्याच दरवाढीत २८ दिवसांना एकूण २ जीबी देणारा त्यांचा प्लॅन १८९ चा झाला. दिवसाला ६ रुपये ७५ पैसे. मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवाच. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये जिओचा ८४ दिवसांचा तसा प्लॅन ४४८ रुपयांना मिळू लागला. दिवसाला ५ रुपये ३३ पैसे. म्हणजे डेटा पूर्ण काढून टाकला तरी २ जीबीच्या प्लॅनच्या तुलनेत दिवसाला वाचले १ रुपया ४२ पैसे, २८ दिवसांचे साधारण चाळीस रुपये. चाळीस रुपयांना २ जीबी, म्हणजे जीबीला वीस. बाकीचे सगळे पैसे नंबर जिवंत ठेवण्याचे.

हाच एक जीबी वेगवेगळ्या वाटांनी काय भावाने पडतो ते एका ओळीत ठेवतो. रोज दीड जीबीच्या प्लॅनमध्ये सगळा कोटा रोज संपवणाऱ्याला २९९ भागिले ४२, म्हणजे सात रुपये. छोट्या प्लॅनमध्ये किंवा सुट्या व्हाउचरने वीसच्या आसपास. आणि मेन बॅलन्समधून पन्नास पैसे एमबीने ५१२ रुपये. तेवढा बॅलन्स तयार करायला जीएसटी आणि फी धरून टॉपअप लागतो सुमारे ६०८ रुपयांचा. सात, वीस, सहाशे. माल तोच, टॉवर तोच. म्हणून ‘वापरू तेवढेच पैसे’ हे ऐकायला कितीही काटकसरीचं वाटलं, तरी आपल्याकडे डेटाच्या बाबतीत ते सगळ्यात महाग गिऱ्हाईक होणं आहे. सदाशिव पेठी हिशेबाने सांगायचं तर हा व्यवहार करूच नये.

उलट बाजूही सांगतो. रोज दीड जीबीचा सात रुपयांचा भाव फक्त संपवणाऱ्यालाच लागू. वायफायवर राहणारी आई महिन्याला जेमतेम तीन जीबी मोबाइल डेटा वापरत असेल, तर २९९ च्या प्लॅनमध्ये तिला जीबी शंभर रुपयांना पडतो. उरलेला रोज मध्यरात्री वाया. वर्षाचं बघितलं तर २८ दिवसांच्या प्लॅनचे तेरा रिचार्ज होतात, बारा नव्हे. २९९ ने ३,८८७ रुपये, १८९ ने २,४५७. ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना निदान एकेक प्लॅन ३० दिवसांचा आणि एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा ठेवायला लावला, तो या तेराव्या रिचार्जवरूनच. असे प्लॅन आहेत, पण जाहिरातीत पुढे दिसत नाहीत. मुद्दाम शोधावे लागतात.

‘मग ट्राय हे पन्नास पैसे कमी का करत नाही?’ मोबाइलचे बहुतेक दर ठरवण्याचं स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. दर लागू केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवायचा, एवढंच बंधन. ट्राय काय करते, तर माहिती द्यायला आणि संमती घ्यायला लावते. डेटाचा कोटा ५०, ९० आणि १०० टक्के संपला की मेसेज आला पाहिजे, हा नियम आहे. आईलाही तो आला असणार. तिचा मेसेजचा डबा उघडून बघा. ‘हिंजवडीत टू बीएचके’, ‘तुमचं कर्ज मंजूर’, रमीचं आमंत्रण, आणि त्यांच्या मधोमध तो एक कामाचा मेसेज इंग्रजीत पडलेला सापडेल. नियम पाळला गेला, माणसाला कळलं नाही.

एक गोष्ट ट्रायने खरोखर चांगली करून ठेवली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२५ हा टोल-फ्री नंबर. त्यावर फोन करून किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टॉप’ असा एसएमएस पाठवून त्या नंबरवरचा मोबाइल डेटा कंपनीच्या बाजूनेच बंद करता येतो. ‘स्टार्ट’ पाठवला की पुन्हा चालू. फोनमधलं डेटाचं बटण चुकून बोट लागून चालू होतं, नातवंडं चालू करतात. १९२५ ने बंद केलेला डेटा असा चुकून चालू होत नाही. फक्त ओटीपीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या सिमला तर हे आजच करून टाका.

यावर हमखास येणारी शंका: डेटा बंद केला तर फोन यायचे थांबतील का? नाही. ४जीवरचा साधा कॉल तांत्रिकदृष्ट्या डेटातूनच जातो हे खरं, पण त्याची वाट वेगळी असते, ती मोबाइल डेटाच्या बटणाला बांधलेली नसते आणि डेटाच्या कप्प्यातून मोजलीही जात नाही. एसएमएस, ओटीपीही येत राहतात. बंद पडतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल, आणि तोही घरात वायफाय असेपर्यंत चालतोच.

आता आईच्या फोनपाशी बसा. अर्ध्या तासाचं काम आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराच्या पानावर ‘डेटा लिमिट’ असतं. प्लॅन २ जीबीचा असेल तर तिथे १.८ जीबी टाका आणि सायकल रिचार्जच्या तारखेपासून सुरू करा. मर्यादा आली की फोन स्वतःच नेट तोडतो. थोडा हात राखून आकडा टाकायचं कारण, फोनची आणि कंपनीची मोजणी तंतोतंत जुळत नाही. एका जीबीत १००० एमबी धरायचे की १०२४ इथपासून मतभेद आहेत. त्याच पानावर कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला ते दिसतं. कीर्तनवालं यूट्यूब सगळ्यात वर असेल याची मी पैज लावायला तयार आहे. यूट्यूबमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी व्हिडिओची क्वालिटी खाली आणा. कीर्तन ऐकायचं असतं, १४४ पिक्सेलला बुवांची पगडी दिसते तेवढी पुरे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाइल डेटावर काहीही आपोआप उतरू नये असं करा. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर. आणि वर सांगितलेलं, वायफाय कमजोर झालं की डेटावर जाणारं सेटिंग बंद.

एवढं केल्यावर प्लॅन कोणता? आई भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देत असेल तर पूर्ण विना-डेटाचा प्लॅन मी सुचवणार नाही. एका यूपीआय व्यवहाराला जाणारा डेटा किरकोळ असतो, ६४ केबीपीएसच्या मंद वेगातही तो होतो, जरा गोल फिरत राहतं एवढंच. पण डेटा मुळात असावा लागतो. म्हणून सध्याचा छोटा एकगठ्ठा डेटाचा प्लॅनच ठेवा, आणि घेताना अटींतली ‘कोटा संपल्यावर’ ही ओळ शोधून वाचा. तिथे वेग कमी होणार असेल तर निर्धास्त राहा. पन्नास पैसे एमबी असेल तर मेन बॅलन्समध्ये एक पैसाही ठेवू नका. अनलिमिटेड कॉलच्या प्लॅनवर मेन बॅलन्सची गरजही जवळपास उरलेली नाही. आळंदीला किंवा लेकीकडे नाशिकला चालली असेल आणि जास्त डेटा लागणार असेल तर त्या दिवशी एक जीबीचं व्हाउचर मारा. मुदत मात्र बघून घ्या, वीसच्या आसपासची बरीच व्हाउचरं आता एका दिवसाचीच असतात. मुंबईला गेल्यावर वेगळं काही करायला लागत नाही. टेलिकॉमच्या नकाशावर मुंबई हे आजही वेगळं सर्कल आहे आणि पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, पण खंडाळ्याचा घाट उतरला की रोमिंग लागायचे दिवस गेले. परदेशात मात्र डेटा रोमिंगचं बटण विमानात बसायच्या आधी बंद. तिथला सुटा भाव पन्नास पैशांना लाजवणारा असतो.

पैसे परत मिळतील का? आधी पुरावा मिळवा. प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचं तपशीलवार बिल मागता येतं, मागच्या सहा महिन्यांपर्यंतचं. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि ३० दिवसांत द्यावं लागतं. त्यात तारीख, वेळ, किती एमबी, किती रुपये हे येतं. गुरुवार सकाळच्या ओळी बघितल्यात की बहुतेक उलगडा होईल. बिलात डेटाऐवजी ‘कॉलर ट्यून’, ‘भविष्य’, ‘गेम्स’ असलं काही निघालं तर ती वेगळी जात. ती १५५२२३ या टोल-फ्री नंबरवर बंद करता येते, आणि संमतीशिवाय चालू केली असेल तर तिथे जरूर भांडा. डेटाच्याच ओळी चुकीच्या वाटल्या, समजा कोटा शिल्लक असताना पैसे गेले, तर कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरवर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, फी नाही, ३९ दिवसांत निर्णय. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्याच एका प्रकरणात त्या चालतात असा निर्वाळा दिला. पण तुमच्या बाबतीत, कोटा संपला होता आणि अटींत पन्नास पैसे लिहिले होते, एवढं बिलात दिसलं, तर पावणेब्याऐंशी रुपयांसाठी पुढे जाऊ नका. हातात काही पडणार नाही.

राहिला बटणांचा फोन. आईला कीर्तन, व्हॉट्सअ‍ॅपवरची नातवंडं आणि यूपीआय यांची सवय लागलेली असताना ते काढून घेणं म्हणजे प्लॅनच्या अटीची शिक्षा तिला. शिवाय बाजारातले बरेचसे ४जी बटणफोन स्वतःच इंटरनेट वापरतात. त्यांतही ब्राउझर असतो, अपडेट असतात, आणि त्यांवर डेटा लिमिटची सोय असेलच असं नाही. तिला स्वतःहूनच स्मार्टफोन नको असेल तर गोष्ट निराळी. मग ८४ दिवसांचा विना-डेटा प्लॅन, १९२५ वर स्टॉप, आणि पैसे द्यायला *९९#, म्हणजे डायल करून मेनूतून केलेलं यूपीआय; आपल्या कंपनीच्या सिमवर ते चालतं का, एवढं आधी बघा. त्याला इंटरनेट लागत नाही, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, आणि मेनू मराठीतही निघतो.